काउंटीच्या वह्या सांभाळणारा जनरल

एप्रिल १८५५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर. शहराच्या निवडणुकीत परदेशातून आलेल्यांना विरोध करणाऱ्या पक्षाचे लोक जर्मन वस्तीतल्या मतदान केंद्रांत घुसले आणि त्यांनी तिथल्या मतपत्रिका नष्ट केल्या. जर्मनांनी व्हाइन स्ट्रीटवर अडसर रचले आणि दंगल काही दिवस धुमसत राहिली. या पक्षाला लोक 'नो-नथिंग' म्हणत, कारण पक्षाबद्दल काही विचारलं की 'मला काही माहीत नाही' हे त्याच्या सदस्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. जर्मन माणूस रविवारीही बिअर पितो, एक तर कॅथलिक असतो नाहीतर धर्मच मानत नाही, अशा माणसाच्या हाती मत देणं धोक्याचं, असं त्यांना वाटे.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी, ज्या काउंटीत हे शहर येतं तिच्या सगळ्या मालमत्तेच्या नोंदी, सगळ्या कराची आकारणी आणि तिजोरीतून निघणाऱ्या प्रत्येक रकमेवरची सही एका जर्मन माणसाकडे होती. मतदारांनीच त्याला निवडून दिलं होतं. त्याचं नाव ऑगस्ट विलिख.

विलिखवर जे काही लिहिलं गेलं आहे त्यात कार्ल मार्क्सशी झालेलं भांडण असतं, लढाया असतात, आणि शेवटी एक ओळ असते: 'युद्धानंतर हॅमिल्टन काउंटीचा ऑडिटर झाला.' मला ही ओळ नेहमी अपुरी वाटते. राजाचं सैन्य सोडलेला, खाजगी मालमत्तेच्या विरोधात भाषणं केलेला, इंग्रजी चाळिशीनंतर वापरायला लागलेला माणूस करवसुलीच्या हिशेबाचा अधिकारी कसा होतो? ते समजण्यासाठी आधी तो माणूस पाहू, मग ते पद.

विलिखचा जन्म १८१० साली पूर्व प्रशियातल्या ब्राउन्सबर्ग गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील घोडदळात कॅप्टन होते, ते लवकर गेले. मुलाचा काही काळ श्लायरमाखर या नावाजलेल्या धर्मचिंतकाच्या घरी, नात्यातल्या आधाराने गेला. बाराव्या वर्षाच्या सुमारास लष्करी शाळा आणि १८२८मध्ये तोफखान्यात लेफ्टनंट. प्रशियात लष्करी अधिकारी असणं म्हणजे समाजात वरच्या पायरीवर जन्मभराची जागा. विलिखने ती सोडली. राजाऐवजी लोकांचं राज्य हवं या मताचा तो झाला होता, आणि १८४६मध्ये त्याने राजीनामा अशा शब्दांत लिहिला की त्याच्यावर लष्करी खटलाच भरला गेला. खटल्यातून तो सुटला, राजीनामा मंजूर झाला, आणि हा माजी अधिकारी सुतारकाम शिकला. गंमत म्हणून किंवा दाखवण्यासाठी शिकला नव्हता. पुढे परदेशात याच हातकामाने त्याला जगवलं.

आता १८४८ साल. त्या काळी जर्मनी नावाचा एक देश नव्हता. लहानमोठी राज्यं, संस्थानं, स्वतंत्र शहरं, प्रत्येकाचा राजा नाहीतर ड्यूक, अशी सगळी मांडणी होती. आपल्याकडच्या संस्थानांचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की ते बरंचसं कळतं. त्या वर्षी युरोपभर उठाव झाले. जर्मन उठाववाल्यांना दोन गोष्टी एकदम हव्या होत्या: सगळ्या राज्यांचा मिळून एक देश, आणि त्या देशात लिहिण्या-बोलण्याचं स्वातंत्र्य व मताचा हक्क. मार्चच्या सुरुवातीला कोलोन शहरात कामगारांचा मोर्चा नगरपालिकेवर गेला, त्याच्या पुढाऱ्यांमध्ये विलिख होता. एप्रिलमध्ये तो बाडेन या जर्मन राज्यातल्या उठावात लढला. तो फसल्यावर फ्रान्समध्ये गेला, तिथे निर्वासित जर्मन कामगारांची तुकडी बांधली आणि १८४९च्या उठावात पुन्हा परत आला. या दुसऱ्या वेळी त्याच्या तुकडीत त्याचा सहायक म्हणून अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण होता, मार्क्सचा साथी फ्रेडरिक एंगल्स. प्रशियाच्या फौजेपुढे उठाव टिकला नाही. जुलै १८४९मध्ये हार झाल्यावर ही तुकडी स्वित्झर्लंडमध्ये उतरली.

पुढची दोन-तीन वर्षं लंडनमध्ये गेली. मार्क्सशी त्याचं बिनसलं ते इथे. वाद थोडक्यात असा: मार्क्सचं म्हणणं होतं की परिस्थिती पिकायला कामगारांना कदाचित पन्नास वर्षं झगडावं लागेल, तर विलिखला वाटे की धाडसी माणसं पुढे आली तर क्रांती आत्ता होईल. सप्टेंबर १८५०मध्ये कम्युनिस्ट लीग नावाची संघटना यावरून फुटली. प्रकरण द्वंद्वयुद्धापर्यंत गेलं. मार्क्सने आव्हान नाकारलं, पण त्याचा तरुण साथी कोनराड श्राम बेल्जियममध्ये जाऊन विलिखसमोर उभा राहिला आणि डोक्याला गोळी चाटून जाऊन वाचला. यात विलिख बरोबर होता असं मला वाटत नाही. क्रांती आत्ता होईल हा त्याचा अंदाज साफ चुकला. पण हा माणूस दुसऱ्याला पुढे ढकलून स्वतः मागे राहणारा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

१८५३मध्ये तो अमेरिकेला गेला.

इथे थोडं थांबून आकडा पाहू. १८५०च्या दशकात सुमारे साडेनऊ लाख जर्मन अमेरिकेत आले. त्यातले बहुतेक शेतकरी, कारागीर, मजूर. पीक बुडालेलं, जमिनीचे तुकडे झालेले, धंदा बसलेला म्हणून आलेले. उठावात भाग घेऊन परागंदा झालेले फक्त काही हजार. या काही हजारांना 'अठ्ठेचाळीसवाले' असं नाव पडलं. संख्येने थोडे असले तरी वर्तमानपत्रं, शाळा, गायनमंडळं, व्यायामशाळा त्यांच्या हातात आल्या. या व्यायामशाळांना 'टर्नफेराइन' म्हणत. आपल्याकडच्या तालमीसारखीच जागा: कसरत, शिस्त, सणवार, आणि संध्याकाळी देशाच्या गोष्टी. सिनसिनाटीत अशी संस्था १८४८लाच निघाली होती.

विलिखने आधी ब्रुकलिनच्या नौदल गोदीत सुतारकाम केलं. मग त्याचं गणित पक्कं आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याला किनारपट्टीच्या सरकारी सर्वेक्षणात काम मिळालं. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला अंतर, कोन, उंची यांची आकडेमोड येतेच. १८५८मध्ये जर्मन वंशाचे कायदेपंडित आणि माजी न्यायाधीश योहान बर्नहार्ड स्टालो यांनी त्याला सिनसिनाटीला बोलावलं आणि 'डॉइचर रिपब्लिकानर' या जर्मन दैनिकाचं संपादन त्याच्याकडे दिलं.

सिनसिनाटीची लोकसंख्या १८६०मध्ये १,६१,०४४ होती आणि शहराचा एक मोठा भाग पूर्णपणे जर्मन बोलणारा होता. मायामी-ईरी कालवा शहराच्या मधून जायचा. त्याच्या उत्तरेला जर्मन राहत, म्हणून लोक त्या कालव्याला 'ऱ्हाइन' म्हणू लागले आणि पलीकडच्या वस्तीला 'ओव्हर-द-ऱ्हाइन', म्हणजे ऱ्हाइनपल्याड. तेच नाव आजही आहे. १८५५चे अडसर याच वस्तीतले. अशा वस्तीत विलिखने कामगारांचे प्रश्न आणि गुलामगिरीचा विरोध या दोन गोष्टी एकत्र मांडल्या. डिसेंबर १८५९मध्ये गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र बंड करणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी दिलं, तेव्हा सिनसिनाटीत जर्मन आणि कृष्णवर्णीय नागरिकांनी मिळून शोकसभा घेतली. विलिख तिथे बोलला. त्या शहरात, नदीपलीकडे केंटकीत गुलामगिरी कायदेशीर असताना, अशी सभा घेणं सोपं नव्हतं.

एप्रिल १८६१मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. जर्मनीत जन्मलेले सुमारे दोन लाख सैनिक, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध, उत्तरेच्या बाजूने लढले. सिनसिनाटीत पूर्णपणे जर्मन अशी नववी ओहायो रेजिमेंट उभी राहिली आणि विलिख तिथे अधिकारी झाला. लवकरच इंडियानाचे गव्हर्नर ऑलिव्हर मॉर्टन यांनी त्याला आपल्या राज्यातल्या जर्मनांची बत्तिसावी इंडियाना रेजिमेंट दिली. हुकूम जर्मनमध्ये, कवायत प्रशियाच्या पद्धतीची. पण या कर्नलची रीत प्रशियात चालली नसती. तो शिपायांना 'नागरिकहो' म्हणून हाक मारायचा आणि तळावर संध्याकाळी त्यांच्यापुढे समाजवादावर बोलायचा. शिपाई त्याला 'पापा विलिख' म्हणत.

१७ डिसेंबर १८६१ला केंटकीत ग्रीन नदीजवळ रोलेट्स स्टेशन इथे टेक्सासच्या घोडदळाने या रेजिमेंटवर धाड घातली. जर्मनांनी चौकोनी रचना करून घोडे थोपवले. टेक्सासवाल्यांचा कर्नल टेरी मारला गेला. आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी ऑगस्ट ब्लोडनर या शिपायाने तिथल्याच चुनखडीच्या दगडात एक स्मारक कोरलं, जर्मन मजकुराचं. अमेरिकन यादवीचं आज शिल्लक असलेलं ते सर्वांत जुनं स्मारक मानलं जातं. परक्या भूमीत, परक्या भाषेतली ती अक्षरं दगड ठिसूळ असल्याने झिजत गेली, म्हणून आता ते छपराखाली हलवलं आहे.

शायलोची लढाई, ७ एप्रिल १८६२. समोरून गोळ्यांचा मारा, शिपायांची फळी डळमळायला लागलेली. विलिख फळीच्या पुढे आला, शत्रूकडे पाठ करून उभा राहिला आणि शिपायांकडून बंदुकीची कवायत करून घ्यायला लागला. बंदूक खांद्यावर, बंदूक पुढे, जणू परेडचं मैदान. हात ओळखीच्या हालचालीत गुंतले, मन ताळ्यावर आलं, आणि फळी पुन्हा लढायला उभी राहिली. अमेरिकेत त्याचं नाव झालं ते या एका प्रसंगाने.

त्यानंतर १७ जुलै १८६२ला तो ब्रिगेडियर जनरल झाला. त्याच दिवशी मंजूर झालेल्या एका कायद्यात एक छोटं कलम होतं, जे हजारो स्थलांतरितांसाठी त्या बढतीपेक्षा फार मोठं होतं. तोवर नियम असा की परदेशातून आलेल्याने आधी नागरिक होण्याचा इरादा नोंदवायचा आणि एकूण पाच वर्षं वास्तव्य दाखवायचं, मग नागरिकत्व. नव्या कलमाने सांगितलं की सैन्यातून सन्मानाने मोकळा झालेला एकवीस वर्षांवरचा परदेशी माणूस एका वर्षाच्या वास्तव्यावर नागरिक होऊ शकतो, इरादा आधी नोंदवण्याचीही गरज नाही. विलिखला त्याची जरूर नव्हती, त्याला येऊन नऊ वर्षं झाली होती. पण १८५५ साली ज्यांच्या मतपत्रिका नष्ट झाल्या त्यांच्यासारखेच नवे लोक आता लष्करातून सुटल्याचा कागद दाखवून नागरिक होऊ शकत होते. जर्मन माणसावर विश्वास टाकावा का, या प्रश्नाला या कायद्याने दिलेलं उत्तर मला त्या काळच्या सगळ्या भाषणांपेक्षा ठाम वाटतं.

युद्धातलं बाकीचं भराभर सांगतो. १८६२च्या शेवटच्या दिवशी स्टोन्स रिव्हरच्या लढाईत विलिख शत्रूच्या हाती सापडला आणि रिचमंडच्या लिबी तुरुंगात गेला. कैद्यांच्या अदलाबदलीत मे १८६३मध्ये सुटला, तो एक नवी युक्ती घेऊन. तेव्हाची बंदूक एक गोळी झाडली की पुन्हा भरायला वेळ लागे, आणि भरताना फळी थांबे. विलिखने चार रांगा केल्या: एक रांग पुढे जाऊन गोळी झाडते आणि तिथेच बंदूक भरते, तोवर मागची रांग तिच्या पुढे जाते, मग तिसरी, मग चौथी. गोळीबार थांबत नाही आणि फळीही थांबत नाही. जून १८६३मध्ये लिबर्टी गॅपला ही पद्धत कामी आली. नोव्हेंबरमध्ये मिशनरी रिजवर टेकडीच्या पायथ्याचे खंदक घेण्याचा हुकूम असताना फौज माथ्यापर्यंत चढली, त्यात त्याची ब्रिगेड होती. मे १८६४मध्ये रेसाका इथे त्याला जबर गोळी लागली आणि आघाडी सोडावी लागली. १८६६च्या सुरुवातीला, मेजर जनरलचा मानद हुद्दा घेऊन, तो लष्करातून मोकळा झाला. वय पंचावन्न. घर नाही, संसार नाही, सिनसिनाटीत मित्र आणि नाव तेवढं होतं.

आता ते पद.

अमेरिकेत राज्याच्या खालचा भाग म्हणजे काउंटी. ओहायोत अशा ८८ आहेत. आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही, आकाराने काउंटी बरीच लहान. पण मोठा फरक असा की आपल्याकडे जिल्ह्याचा कलेक्टर वरून नेमला जातो, तलाठीही नेमला जातो. ओहायोत काउंटीची मुख्य पदं लोक मतदानाने भरतात. शेरीफ निवडून येतो, खजिनदार निवडून येतो आणि ऑडिटरही निवडून येतो. ऑडिटर म्हटल्यावर आपल्याला वर्षातून एकदा येऊन वह्या तपासणारा माणूस आठवतो. हा तसा नव्हता. वह्या त्याच्याच.

त्याचं काम समजायला ग्रामपंचायतीचा नमुना ८ आठवा, ज्यात गावातल्या प्रत्येक घराची कर आकारणी लिहिलेली असते. तसंच रजिस्टर, पण अख्ख्या काउंटीचं. जमीन कुणाची, तिची किंमत किती, घर आहे का, दुकानात माल किती, घोडे-गाड्या किती. ओहायोत तेव्हा जमिनीवरच नाही तर जंगम मालमत्तेवरही कर होता. मोजणी करणारे लोक आपापल्या भागाच्या याद्या आणून देत. राज्याचा कर, काउंटीचा कर, शहराचा, शाळांचा, रस्त्यांचा, हे सगळे दर एकत्र करून प्रत्येक मालकाच्या नावापुढे रक्कम काढायची, हे ऑडिटरचं काम. तयार झालेल्या मोठ्या वहीला 'टॅक्स डुप्लिकेट' म्हणत, कारण तिच्या दोन प्रती होत. एक ऑडिटरच्या कार्यालयात राही, दुसरी खजिनदाराकडे जाई.

यातली हुशारी दोन प्रतींत आहे. कर ठरवणारा माणूस पैसे घेत नाही, आणि पैसे घेणारा माणूस कर ठरवत नाही. खजिनदाराने ओळखीच्या माणसाला सूट दिली असं झालंच, तर ऑडिटरच्या प्रतीत ती रक्कम तशीच उभी असते. पैसे बाहेर जातानाही हेच. पूल बांधणाऱ्या कंत्राटदाराचं बिल काउंटीच्या कमिशनरांनी मंजूर केलं तरी खजिनदार ऑडिटरच्या सहीच्या आदेशाशिवाय पैसे देऊ शकत नसे. म्हणजे तिजोरीचं कुलूप एकाकडे आणि ती उघडायचा हुकूम दुसऱ्याकडे. दोघांनाही लोकांनी निवडलेलं, म्हणून एक दुसऱ्याचा नोकर नाही. लोकशाही म्हटलं की आपण सभा आणि मोर्चे आठवतो. मला वाटतं ती अशा दोन वह्यांमध्येही राहते, आणि तिथे ती बिघडली तर मोर्च्यांनी फारसं भरून निघत नाही.

या पदावर मतदारांनी विलिखला का बसवलं? जखमी होऊन परतलेला जनरल ही मोठी ओळख होती, युद्धानंतर देशभर माजी सैनिक निवडून येत होते. जर्मन मतं एकगठ्ठा नसली तरी भरपूर होती. पण काउंटीत बिगर-जर्मन मतदारही होतेच, आणि तिजोरीच्या आदेशावर सही करण्याचा हक्क कुणाला द्यावा हे ठरवताना माणूस वेगळा विचार करतो.  लंडनमध्ये विलिखची टवाळी झाली ती स्वप्नाळू म्हणून. गणित येत होतं, हातकाम येत होतं, शिस्त होती. त्या काळी काउंटीच्या अनेक पदांना पगाराऐवजी कामागणिक शुल्क मिळे, आणि मोठ्या शहराच्या काउंटीत अशा खुर्चीवर माणूस सहज श्रीमंत होऊ शके. 

खाजगी मालमत्तेच्या विरोधात बोललेल्या माणसाने मालमत्तेची यादी करत बसावं यात विसंगती दिसते खरी. मला मात्र त्यात सातत्य दिसतं. कोलोनच्या मोर्चात त्याने जे मागितलं त्यात सर्वांना मत हा मुद्दा होता. ते मत जिथे खरोखर मिळालं, तिथे त्या मताने नेमून दिलेलं सर्वांत रूक्ष काम त्याने केलं. आणि १८७५मध्ये मार्क्सनेही जुन्या भांडणाबद्दल लिहिताना मान्य केलं की अमेरिकेच्या युद्धात विलिखने आपण नुसता स्वप्नं रंगवणारा नाही हे दाखवून दिलं.

१८७० साली तो जर्मनीत गेला. फ्रान्सशी युद्ध पेटलं होतं. ज्या राजाचं सैन्य त्याने चोवीस वर्षांपूर्वी सोडलं त्याच प्रशियाला त्याने आपली सेवा देऊ केली. वय साठ आणि जुनी मतं, दोन्ही कारणांनी नकार मिळाला. मग तो बर्लिन विद्यापीठात तत्त्वज्ञानाची व्याख्यानं ऐकायला बसू लागला, नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर. जर्मनी आता एक देश झाली होती, पण सम्राटाची. तो अमेरिकेला परत आला.

राहायला त्याने सिनसिनाटी निवडलं नाही. ओहायोच्या वायव्य भागातल्या सेंट मेरीज या छोट्या गावात, युद्धातल्या जुन्या मित्रांजवळ तो राहिला आणि २२ जानेवारी १८७८ला तिथेच वारला. गावातल्या एल्मग्रोव्ह दफनभूमीत त्याची कबर आहे. सिनसिनाटीतल्या अनेक रस्त्यांची जर्मन नावं पुढे पहिल्या महायुद्धात पुसली गेली. ब्रेमेन स्ट्रीटचं रिपब्लिक स्ट्रीट झालं. कालवाही बुजला, त्यावरून आता रस्ता जातो. सेंट मेरीजमध्ये मात्र त्याच मायामी-ईरी कालव्याचा एक पट्टा अजून पाण्याने भरलेला आहे. सिनसिनाटीकर ज्याला ऱ्हाइन म्हणत, तोच कालवा उत्तरेला विलिखच्या या शेवटच्या गावातून जातो.